वह्यांचे गठ्ठे, रात्रीचे मेसेज आणि चौथं वर्ष: शाळा सोडण्याआधी काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरातली एक विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळा, शिक्षिकेचं नोकरीचं चौथं वर्ष. सहावी-सातवीच्या चार तुकड्यांना गणित, प्रत्येक वर्गात ४२ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांच्या २८ तासिका, शिवाय सहावी ‘अ’चं वर्गशिक्षकपद. रात्री अकरापर्यंत वह्या चालतात, झोपताना पालकांचे मेसेज येतात, हातात २४ हजार पडतात. बी.एड. झालंय, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली नाही. शेवटचं वाक्य असं: “मुलं आवडतात, पण हे झेपत नाही. सोडून द्यावं का?”

ताई, तुमच्या या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. शिकवण्याचं काम तुम्हाला मानवतं का? ही शाळा मानवते का? आणि काम करायची आत्ताची रीत मानवते का? दमलेल्या माणसाला तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण दमणूक वेगवेगळी जाणवत नाही. म्हणून आधी हे तिन्ही सुटे करू या. माझं मत सुरुवातीलाच सांगते: तुम्ही लिहिलंय त्यावरून तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त बिघडलेली दिसते, आणि तीच सगळ्यात लवकर दुरुस्त होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घर तुमच्या पगारावर किती चालतं, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, जाण्यायेण्यात किती वेळ जातो, मुख्याध्यापक ऐकून घेणारे आहेत का. अनुदानित, महापालिकेची आणि विनाअनुदानित या तीन प्रकारच्या शाळांत ताणही तीन प्रकारचा असतो. पहिल्या दोन ठिकाणी पगाराची शाश्वती असते, पण निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, पटसंख्या आणि संचमान्यतेची (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची) टांगती तलवार असते. तुमच्याकडे ते कमी, पण पालकांचा आणि संस्थेचा रेटा जास्त. त्यामुळे दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीने दिलेला सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

पहिलं काम: एक आठवडा, सोमवार ते रविवार, वेळ लिहून काढा. एक पान, पाच रकाने: शिकवणं, तयारी, तपासणी, कागदपत्रं, पालक. अर्ध्या तासाच्या अंदाजाने नोंद केली तरी पुरे, पण रविवार सोडू नका. २८ तासिकांचे ९८० मिनिटं होतात, म्हणजे साडेसोळा तासांपेक्षाही थोडं कमीच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरलेला आहे आणि त्यात तयारीचा वेळ मोजलेला आहे. म्हणजे घरी बसून केलेली पाठाची तयारी हे नोकरीचंच काम आहे, आणि ते हिशेबात धरायचं. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. तुमच्या वर्गात ४२ आहेत. जड जातंय ते तुम्ही कमी पडताय म्हणून, असं समजू नका.

आता तपासणीचा रकाना बघा. १६८ मुलं, प्रत्येकाची वर्गपाठाची आणि गृहपाठाची मिळून ३३६ वह्या. एका वहीला दोनच मिनिटं दिली तरी एका फेरीला ११ तास १२ मिनिटं लागतात. तुमची रात्र इथे जाते. आणि या अकरा तासांतून मुलाच्या हाती काय पडतं? पानोपानी लाल बरोबर, खाली सही आणि तारीख. चूक चार दिवसांपूर्वीची असते, मूल पुढच्या धड्यावर गेलेलं असतं, वही मिळाल्यावर ते फक्त शेरा बघतं. त्यात आता गृहपाठाच्या उदाहरणाचा फोनवर फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं. काही मुलं शिकवणीत उतरवून घेतात. गृहपाठाची वही तपासून मुलाला काय येतं हे कळण्याचे दिवस बहुतेक संपलेत. जे वर्गात, तुमच्यासमोर, पेन्सिलीने लिहिलं जातं तेच खरं.

म्हणून चिठ्ठीची पद्धत सुरू करा. प्रत्येक तुकडीत आठवड्यातून दोनदा, तासाची शेवटची पाच मिनिटं. फुलस्केप कागदाचे चार तुकडे करायचे, एका मुलाला एक. फळ्यावर एकच उदाहरण, त्या दिवशीच्या मुद्द्याचं. चर्चा नाही, खोडरबर नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. खोडलेली चूक तुमच्या कामाची असते म्हणून ती दिसली पाहिजे. चिठ्ठ्या गोळा केल्यावर गुण देत बसायचं नाही, फक्त तीन गठ्ठे करायचे: जमलं, एका ठिकाणी अडलं, सुरुवातच झाली नाही. ४२ चिठ्ठ्यांना सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याच्या आठ फेऱ्यांना तासभर. वह्या आठवड्याला एकाच तुकडीच्या घ्यायच्या आणि त्याही वर्गपाठाच्या, एका वहीला तीन मिनिटं देऊन. ४२ वह्यांना दोन तास सहा मिनिटं. गृहपाठ मुलं वर्गात एकमेकांचा, फळ्यावरच्या उत्तराशी ताडून बघतील. अकरा तासांचे साधारण तीन होतात.

दुसऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त माहिती असते. तिथल्या चुका चार-पाच ठरावीक जातीच्या असतात, आणि त्यांना एकेका अक्षराची खूण ठरवून मुलांनाही सांगून ठेवा: चि म्हणजे चिन्ह, प म्हणजे पायरी गाळली, आ म्हणजे आकडेमोड, वा म्हणजे उदाहरण नीट वाचलं नाही. वहीत लांबलचक शेरा लिहिण्यापेक्षा चुकलेल्या ओळीशेजारी ‘चि’ लिहिलं की मूल स्वतः शोधतं.

काही नेहमीच्या चुका सांगते, म्हणजे चिठ्ठीवर काय विचारायचं याचा अंदाज येईल. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार शिकवून ‘ऋण गुणिले ऋण धन’ पाठ झालं की आठवड्याभरात काही मुलं (−३) + (−५) चं उत्तर ८ लिहू लागतात. सहावीत हीच मुलं −८ लिहीत होती. नवा नियम जुन्याच्या डोक्यावर बसतो, तेव्हा गुणाकाराचा धडा चालू असताना चिठ्ठीवर मुद्दाम बेरीज आणि गुणाकार शेजारी शेजारी द्यायचे. परत शिकवताना नियम सांगू नका. काल ३ रुपये उधार घेतले, आज ५ घेतले, एकूण उधारी किती, एवढं विचारा, आणि मग संख्यारेषेवर डावीकडे चालायला लावा. दशांशात ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं वाटतं, कारण ३५ आठापेक्षा मोठे. इथे मूल दशांशचिन्हापुढचा भाग पूर्ण संख्या म्हणून वाचतंय. ०.८ ला ०.८० लिहून घेतलं की उत्तर सुधारतं, पण समज सुधारत नाही. त्यासाठी शंभर चौकटींचा कागद द्या आणि दोन्ही रंगवून घ्या. अपूर्णांकात १/३ + १/४ = २/७ हे तर दरवर्षी येणारच. त्या मुलाला एवढंच विचारा, २/७ हे १/३ पेक्षा मोठं की लहान? बेरीज करून उत्तर कमी कसं झालं, हा धक्का छेद समान करण्याच्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त टिकतो.

सेमी-इंग्रजीत आणखी एक अडचण आहे, आणि ती गणिताच्या खात्यावर चुकून लिहिली जाते. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ यासाठी मुलं ‘५ वजा एक्स’ लिहितात, कारण इंग्रजी वाक्यात ५ आधी येतो. मराठीत ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ म्हटलं की संख्या आधी येते, आणि तेच मूल बरोबर लिहितं. शाब्दिक उदाहरणाच्या चिठ्ठीत तिसरा गठ्ठा फार मोठा आला तर दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवा आणि परत चिठ्ठी घ्या. गठ्ठा एकदम लहान झाला तर अडचण भाषेची आहे. मग रोज दोन इंग्रजी वाक्यं मराठीत तोंडी करून घ्यायची, पाच मिनिटं. लसावि म्हणजेच एलसीएम, हे ज्याला घरच्या भाषेत कळलेलं नाही त्याला सूत्र पाठ करून काही हाती लागत नाही.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना तास संपल्यावर थांबवून ठेवू नका. ती रोज तीच आठ-दहा मुलं असतात आणि त्यांना तो शिक्का बसतो. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं बाकी वर्गाला तीन उदाहरणं सोडवायला द्या आणि या मुलांना फळ्याजवळ घ्या. दहा मिनिटांत एकच मुद्दा घ्यायचा.

मुख्याध्यापक म्हणतील, पालकांना वहीत लाल शाई दिसली पाहिजे. त्यांचं म्हणणं निराधार नाही, पालक खरंच वही उघडून तेच बघतात. म्हणून सरसकट परवानगी मागू नका. ‘सातवी ब मध्ये सहा आठवडे करून बघते, दर शुक्रवारी तीन गठ्ठ्यांचे आकडे तुम्हाला दाखवते’ असं म्हणा. बारा चिठ्ठ्यांचे आकडे समोर असले की बोलणं सोपं जातं. ही पद्धत फसते ती दोन कारणांनी: चिठ्ठ्या घेतल्या आणि त्याच दिवशी गठ्ठे केले नाहीत, किंवा मोकळी तासिका गैरहजर शिक्षकाच्या ऑफ तासाला गेली. दुसरं तुमच्या हातात नाही, म्हणून चिठ्ठीचे दोन दिवस असे निवडा की त्या दिवशी तुमच्या दोन तासिका मोकळ्या असतील.

पालकांचं बोलू. आई-वडील दोघं हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीला असतील तर घरी पोचायला साडेआठ-नऊ होतात, मग दप्तर उघडलं जातं आणि मेसेज येतो. त्यात खोडसाळपणा नसतो, त्यांना दुसरी वेळच नसते. पण तुम्ही साडेदहाला एकदा उत्तर दिलंत की ती तुमची वेळ ठरते. त्यामुळे वर्गाच्या गटावर फक्त शाळेकडून सूचना जातील अशी सोय करा आणि एकदाच लिहून टाका: मेसेज कधीही पाठवा, उत्तर कामाच्या दिवशी चार ते पाच या वेळेत मिळेल. मुलाबद्दल बोलायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर, आधी कळवून, पंधरा मिनिटं. दोन आठवडे कुरकुर होते, मग लोक सरावतात. तेवढे दोन आठवडे एकही अपवाद करू नका. फक्त मुलाच्या सुरक्षिततेचा किंवा तब्येतीचा मेसेज असेल तर वेळ बघायची नाही. त्यासाठी शाळेच्या कार्यालयाचा नंबर वेगळा द्या.

भेटीत पालकांच्या हातात गुण देऊ नका, चिठ्ठ्या द्या. त्यांच्याच मुलाच्या गेल्या महिन्यातल्या आठ चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या की ‘तुम्ही शिकवत नाही’ हे वाक्य सहसा निघत नाही. मग तीन गोष्टी, याच क्रमाने: मुलाला काय येतंय, नेमकं कुठे अडतंय, आणि घरी काय करायचं. घरचं काम एकच आणि छोटं असावं, ‘रोज लक्ष द्या’ असं नको. ‘रविवारी किराणा आणताना बिलाची बेरीज याच्याकडून करून घ्या’ हे घडतं. भेट झाल्यावर नोंदवहीत दोन ओळी आणि पालकांची सही घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांना नियमित भेटून हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे, तेव्हा ही नोंद तुमचंही संरक्षण करते.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं टळत नाही. यूडायस (शाळेची सरकारी माहिती नोंद), आधारवरचं नाव आणि हजेरीपटावरचं नाव जुळवणं, अपार (विद्यार्थ्याचा ओळख) क्रमांक हे वर्गशिक्षकाकडेच येतं. नावांचा घोळ दिवाळीआधी एकदाच मिटवा, नंतर प्रत्येक माहितीत तोच घोळ पुन्हा डोकं वर काढतो. आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मात्र सत्राच्या शेवटी बसून लिहायच्या नाहीत. सहावीला आकारिक आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) निम्मं-निम्मं, सातवीला ४०-६०, म्हणजे या नोंदींना खरं वजन आहे. रोज तीन मुलांच्या नोंदी लिहिल्या तर ४२ मुलं १४ दिवसांत होतात, आणि चिठ्ठ्या हाताशी असल्याने ‘प्रगती समाधानकारक’ असं पोकळ लिहावं लागत नाही.

आवाजाची काळजी घ्या. गलबल्यावर ओरडून मात करायची सवय घशाला सगळ्यात जास्त बाधते. हात वर करून थांबायचं, मुलांनी बघून हात वर करायचे, ही खूण पंधरा दिवसांत रुजते. प्रत्येक तासाला दोन घोट पाणी, फळा ओल्या फडक्याने वरून खाली पुसायचा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर घरगुती काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. २४ हजारांत पुण्यात भाड्याने राहून घर चालवणं अवघड आहे, आणि कितीही आवड असली तरी ते अवघडच राहतं. वाट आहे ती अशी: टीईटीचा दुसरा पेपर, सहावी ते आठवीसाठी, गणित-विज्ञान गट घेऊन. १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न १२० मिनिटांत, आणि मग पवित्र पोर्टल या सरकारी शिक्षकभरतीच्या संकेतस्थळातून निवड. निवड झाली तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं, प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. म्हणजे आधी तुमचं उत्पन्न कमी होईल, हे धरून चाला. नंतर नियमित वेतनश्रेणीत मूळ वेतन प्राथमिकला २९,२०० आणि माध्यमिकच्या बी.एड. शिक्षकाला ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. ती तीन वर्षं काढता येतील का, हा तुमच्या घरी बसून सोडवायचा हिशेब आहे. सोडायचं ठरलं नाही तरी टीईटी द्याच. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणं आवश्यक ठरवलं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांनाच त्यातून सूट आहे, आणि तीही बढतीसाठी नाही. शिकवण्या घेऊन भर काढायचा विचार असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करतं, हे लक्षात ठेवा.

मग या कामात मिळतं काय? ‘मुलांचं प्रेम’ हे उत्तर मी देणार नाही. ते तुम्हाला मिळतंच आहे, तुम्हीच लिहिलंय, आणि तरी तुम्ही दमलात. प्रेमाने रात्री अकराची वही हलकी होत नाही. या पेशाची खरी मिळकत म्हणजे एका माणसाची समज आपल्यासमोर बदलताना बघणं, आणि ते आपण केलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीमुळे झालं हे कळणं. दुर्दैवाने आताच्या कामाच्या रेट्यात नेमकं हेच दिसेनासं होतं. ३३६ वह्यांत ते दिसत नाही, गुणपत्रकात तर नाहीच. तिसऱ्या गठ्ठ्यात जूनमध्ये चौदा असलेल्या चिठ्ठ्या ऑक्टोबरमध्ये पाचवर येतात तेव्हा ते दिसतं. २/७ लिहिणारा मुलगा शेजारच्याला ‘अरे, बेरीज करून कमी कसं होईल’ म्हणून अडवतो तेव्हा ते ऐकू येतं. म्हणून चिठ्ठ्या टाकू नका. प्रत्येक मुलाची पहिली आणि महिन्याची शेवटची एका पाकिटात ठेवा. वर्ष संपताना ती मुलाला द्या, आणि द्यायच्या आधी स्वतः एकदा सगळी पाकिटं बघा. या शहरात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली तेव्हापासून शिक्षकाला हातात मिळालेलं दुसरं फारसं काही नाही, आणि ते थोडं नाही.

विषय खोल होत जाणं हीसुद्धा मिळकतच. मुलांच्या चुका वाचणाऱ्याला गणित नव्याने कळतं. एरंडवण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं मुक्तांगण हे विज्ञान केंद्र अशी ठिकाणं पुण्यात हाताशी आहेत. वर्गातल्या दोन-तीन फार पुढे पळणाऱ्या मुलांची वाट तिकडे करून द्या, त्यांच्यासाठी वेगळं काही तयार करण्याचा भार तुमच्यावरून उतरेल.

शाळा बदलायची कधी? मुलांना मारा-दरडावा अशी अपेक्षा असेल, हातात मिळतात त्यापेक्षा जास्त आकड्यावर सही मागत असतील, किंवा सहा आठवड्यांच्या आकड्यांनंतरही प्रत्येक पानावर लाल शाईचाच हट्ट असेल, तर शाळा बदला. कायम नसलेल्या कर्मचाऱ्याला खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती नियमावली १९८१ प्रमाणे एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, कायम असाल तर तीन महिन्यांची. नियुक्तिपत्र काढून आपण कशात बसतो ते बघा, आणि शक्यतो वार्षिक परीक्षा आटोपल्यावर सुटा.

पेशा सोडायचा का, याची कसोटी वेगळी आहे. नीट झोप झालेली आहे, पाठाची तयारी आहे, मुलं ऐकतायत, आणि तरी त्या ३५ मिनिटांत तुमचं मन लागत नाही, असं आठवड्यात पाच-सहा वेळा झालं तर तो सोडा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण ही कसोटी आज लावता येणार नाही, कारण नीट झोपच होत नाहीये. आधी वह्यांतले ते आठ तास परत मिळवा, मग फेब्रुवारीअखेर हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा.

सोमवारी सातवी ब च्या तासाला शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. फळ्यावर हे लिहा: (−७) + (−४) आणि (−७) × (−४). तीन गठ्ठ्यांत किती-किती चिठ्ठ्या आल्या तेवढं कळवा, पुढे काय शिकवायचं ते त्या आकड्यांवरून ठरवू.